परदेशातली डीव्हीडी घरी लावायची तर आधी कुलूप ओळखा

परदेशातून मागवलेली डिस्क ट्रेमध्ये जाते आणि पडद्यावर एक ओळ येते: ‘चुकीचा रीजन’. कधी ती ओळही येत नाही, नुसतं कृष्णधवल चित्र वरून खाली पळत राहतं. दोन्ही वेळा म्हणतात एकच, ‘बाहेरची डीव्हीडी आहे, इथं चालत नाही.’ पण या दोन तक्रारींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. पहिली रीजन कोडची, दुसरी टीव्हीच्या पद्धतीची. एकीचा उपाय दुसरीवर केला तर खर्च होतो आणि डिस्क तशीच पडून राहते. म्हणून काहीही विकत घेण्याआधी नेमकं काय अडलंय ते ओळखा.

ओळखणं सोपं आहे. पडद्यावर रीजनचा संदेश आला आणि पुढं काहीच घडलं नाही, तर प्लेयरनं डिस्क नाकारली आहे. जगाचा नकाशा किंवा ‘हा प्लेयर या डिस्कसाठी योग्य नाही’ असा चित्ररूप पडदा आला, तर नकार डिस्कनंच दिलाय आणि तो प्रकार निराळा आहे, त्याकडे पुढं येतो. आवाज नीट आहे पण चित्रात रंग नाहीत, चित्र पळतंय, खालून कापलं गेलंय किंवा टीव्ही ‘सिग्नल नाही’ म्हणतोय, तर रीजनची अडचण नाहीच. ‘डिस्क वाचता येत नाही’ असं आलं तर आधी चरे, डाग किंवा थकलेली लेझर बघा.

रीजन कोड म्हणजे नक्की काय

डीव्हीडी जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आली, अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये. एकच चित्रपट वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या महिन्यांत प्रदर्शित व्हायचा, आणि एका देशातली डिस्क दुसऱ्या देशात चित्रपटगृहाच्या आधी पोचू नये अशी स्टुडिओंची इच्छा होती. त्यासाठी जगाचे भाग पाडले. १ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. २ म्हणजे पश्चिम आणि मध्य युरोप, जपान, मध्यपूर्व, इजिप्त आणि दक्षिण आफ्रिका. ३ मध्ये दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग आणि आग्नेय आशिया. ४ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका. ५ मध्ये भारत आणि शेजारचे देश, रशिया आणि आफ्रिकेचा बहुतेक भाग. ६ म्हणजे चीन. ७ राखीव ठेवला आहे, आणि ८ विमानं, जहाजं अशा ठिकाणांसाठी.

डिस्कवर ही माहिती एका बाइटमध्ये असते. आठ बिट, प्रत्येक रीजनला एक. ज्या रीजनचा बिट १, तिथं मनाई. ज्याचा ०, तिथं परवानगी. उजवीकडचा शेवटचा बिट रीजन १ चा धरला तर फक्त रीजन १ ची डिस्क १११११११० अशी दिसते. २ आणि ४ दोन्हींना चालणारी डिस्क ११११०१०१. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियासाठी एकत्र छापलेल्या कितीतरी डिस्क अशाच असतात, आणि वेष्टनाच्या मागं पृथ्वीगोलाच्या छोट्या चिन्हात २ आणि ४ हे दोन्ही आकडे दिसतात. आपण ज्याला ‘रीजन ०’ म्हणतो तो खरं तर रीजन नाहीच. सगळे बिट ० आहेत, कुणालाच मनाई नाही, एवढाच त्याचा अर्थ. गोलात कधी ० छापलेला असतो, कधी ‘ऑल’. संगीताचे कार्यक्रम, माहितीपट आणि छोट्या प्रकाशकांच्या डिस्क पुष्कळदा अशा मोकळ्या असतात. घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीवर रीजनचं बंधन नसतं, व्हीसीडीला तर रीजन कोडच नव्हता.

हा बाइट दोन जागी लिहिलेला असतो. एक, डिस्कच्या आतल्या कडेजवळच्या लीड-इन भागात. दोन, व्हिडिओ टीएस नावाच्या मुख्य आयएफओ फाइलीत, म्हणजे डिस्कवर काय कुठं आहे ते सांगणाऱ्या फाइलीत. घरचा प्लेयर डिस्क घेताच तो वाचतो, आपल्या स्वतःच्या रीजनशी ताडतो आणि तिथंच निर्णय देतो. चित्रपटाला तो हातही लावत नाही. त्यामुळे ‘पाच मिनिटं चालते आणि मग थांबते’ ही तक्रार रीजनची असूच शकत नाही.

प्लेयर मोकळा करणं

बहुतेक स्वस्त प्लेयरांत रीजन बदलायची सोय कारखान्यातूनच ठेवलेली असते. एकच यंत्र सगळ्या देशांत विकायचं, तर रीजन शेवटच्या टप्प्यावर सेट करता आला पाहिजे, म्हणून एक लपवलेला मेनू ठेवतात आणि तो रिमोटवरच्या आकड्यांनी उघडतो.

त्यासाठी सगळ्यात आधी मॉडेल क्रमांक अचूक हवा. समोरच्या पट्टीवर छापलेला नव्हे, मागच्या किंवा खालच्या लेबलवरचा, शेवटच्या अक्षरांसकट. क्रमांकापुढं तिरकी रेघ देऊन एखादा आकडा असेल तर तोही महत्त्वाचा, कारण पुष्कळदा तो बाजारपेठ दाखवतो. एकाच नावाच्या दोन बाजारपेठांतल्या प्लेयरांत चिप वेगळी असू शकते आणि मग एकाचा कोड दुसऱ्यावर चालत नाही.

कृती साधारण अशी असते. प्लेयर सुरू करा, आत डिस्क ठेवू नका. मॉडेलप्रमाणे ट्रे उघडा ठेवायचा असतो किंवा सेटअप मेनूच्या ठरावीक पानावर जायचं असतं. मग आकडे दाबायचे, न रेंगाळता, कारण मध्ये काही सेकंदं गेली की प्लेयर आधीचे आकडे विसरतो. कोड बरोबर बसला की एका कोपऱ्यात सध्याचा रीजन दिसतो. बाणाच्या बटणांनी किंवा थेट आकडा दाबून तो बदलायचा, ओके करायचं, मेनूतून बाहेर पडायचं. मग प्लेयर बंद करून मिनिटभर प्लगही काढा. परत चालू केल्यावर जुनाच रीजन दिसला, तर बहुधा मेनूतून बाहेर पडताना बदल साठवला गेलेला नसतो.

काही घडलंच नाही तर आधी रिमोट तपासा. सगळ्या यंत्रांना चालणाऱ्या रिमोटवर आकडे असतात, पण सेटअप किंवा विराम ही बटणं प्लेयरला हवा तो संकेत देत नाहीत. मूळ रिमोटनं चार-पाच वेळा नीट करून बघा. दुसरी शक्यता अशी की प्लेयरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, नवं आहे आणि त्यात हा दरवाजा बंद केलाय. आणि चुकून सर्व्हिस मेनू उघडला, लेझरची मूल्यं किंवा सर्वोची नावं दिसायला लागली, तर काहीही न बदलता बाहेर या. तिथला एक आकडा हलला तर प्लेयर कुठलीच डिस्क वाचणार नाही.

काही मॉडेलांना रिमोटचा कोड नसतो, पण रीजनमुक्त फर्मवेअर मिळतं. ते सीडीवर जाळून ट्रेमध्ये घालायचं, प्लेयर स्वतःच विचारतो आणि लिहून घेतो. फाइलीचं नाव एका अक्षरानं बदललं तरी प्लेयर ती ओळखत नाही. लिहिताना वीज गेली तर यंत्र मेलंच समजा, त्यातून परत आणायला चिप काढून बाहेर प्रोग्रॅम करावी लागते. माझ्या मते घरातल्या एकमेव प्लेयरवर हा प्रयोग करू नये. जुना, वापरातून गेलेला दुसरा प्लेयर असेल तर खुशाल करा.

ब्लू-रे प्लेयरबद्दल एक गैरसमज सारखा ऐकू येतो. ब्लू-रेचे रीजन ए, बी आणि सी असे तीन, आणि त्यांचा डीव्हीडीच्या रीजनशी संबंध नाही. एकाच प्लेयरमध्ये हे दोन हिशेब वेगवेगळे असतात. ‘सगळ्या डीव्हीडी चालतात’ असा ब्लू-रे प्लेयर ब्लू-रेसाठी एकाच रीजनचा असू शकतो. ४के डिस्कना मात्र रीजन कोडच नाही.

नकाशाचा पडदा

आता तो दुसरा नकार. लोक प्लेयर ० वर ठेवतात हे कळल्यावर सन २००० पासून काही स्टुडिओंनी, मुख्यतः रीजन १ च्या डिस्कवर, आणखी एक तपासणी घातली. तिला आरसीई म्हणतात. यात डिस्कवरचा मेनू चालवणारा छोटा प्रोग्रॅमच प्लेयरला विचारतो, ‘तुझा रीजन कोणता?’ प्रत्येक डीव्हीडी प्लेयरमध्ये एसपीआरएम २० नावाची एक नोंद असते, तिच्यात उत्तर मिळतं. रीजन १ चं उत्तर १, २ चं २, ३ चं ४, ४ चं ८, म्हणजे प्रत्येक वेळी दुप्पट. ० वर ठेवलेला प्लेयर यांतलं कुठलंच नेमकं उत्तर देत नाही. डिस्क ते ओळखते आणि चित्रपटाऐवजी नकाशाचा पडदा दाखवते.

म्हणजे इथं मोकळेपणाच आड येतो. उपाय साधा: लपलेल्या मेनूत जाऊन ० ऐवजी १ ठेवा, डिस्क चालवा, नंतर परत ० करा. डिस्क पाहून आपोआप रीजन बदलणारे प्लेयरही कधी अडतात. तेव्हा आरसीई नसलेली रीजन १ ची एखादी डिस्क आधी घाला, चित्रपट सुरू होऊ द्या, मग प्लेयर बंद न करता ती काढून हवी ती डिस्क घाला. प्लेयरला आधीचा रीजन लक्षात राहिलेला असतो. प्लेयर निवडायची वेळ आली तर ज्याचा रीजन हातानं १ ते ६ पर्यंत हवा तो ठेवता येतो, तोच घ्यावा. नुसता ‘रीजन ०’ हा शिक्का पुरेसा नाही.

पाल आणि एनटीएससी, म्हणजे अर्धं दुखणं

पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या दोन पद्धती. रीजन आणि टीव्हीची पद्धत एकच, ही समजूत सगळ्यात महाग पडते. जपान आणि ब्रिटन दोन्ही रीजन २, पण जपानची डिस्क एनटीएससी आणि ब्रिटनची पाल. ऑस्ट्रेलिया आणि मेक्सिको दोन्ही रीजन ४; ऑस्ट्रेलिया पाल, मेक्सिको एनटीएससी. म्हणजे जपानमधली डिस्क ब्रिटनच्या प्लेयरला रीजनच्या बाबतीत पटते आणि तरीही चित्र बिघडू शकतं.

डिस्कवर रंग पाल किंवा एनटीएससी स्वरूपात नसतातच. तिथं असतात आकडे: एनटीएससी म्हटलेल्या डिस्कवर ७२० बाय ४८० ची चौकट, सेकंदाला २९.९७ वेळा, पालवर ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ वेळा. रंगांचा पाल किंवा एनटीएससी संकेत प्लेयर तयार करतो, आणि तोही फक्त पिवळ्या पिनच्या कंपोझिट वायरीवर किंवा एस-व्हिडिओवर. यातूनच लक्षणांचा अर्थ लागतो.

चित्र स्थिर आहे पण कृष्णधवल, तर टीव्हीला सेकंदाला ६० किंवा ५० पडदे (प्रत्येक चौकट दोन अर्ध्या पडद्यांत जाते, म्हणून दुप्पट) पेलताहेत, रंगाचा संकेत मात्र कळत नाही. पालचा रंग ४.४३ मेगाहर्ट्झवर असतो, एनटीएससीचा ३.५८ वर. इथं नुसती वायर बदलली तरी काम होतं. कंपोनंटच्या लाल-हिरव्या-निळ्या तीन पिना, स्कार्टमधून आरजीबी किंवा एचडीएमआय, यांत रंगाचा वेगळा संकेत नसतोच. चित्र वर-खाली पळत असेल तर टीव्हीला तो वेगच जमत नाही. युरोपातले, आशियातले आणि ऑस्ट्रेलियातले बहुतेक टीव्ही ५० आणि ६० दोन्ही घेतात. उत्तर अमेरिकेसाठी बनवलेले कितीतरी टीव्ही ५० घेत नाहीत, आणि एचडीएमआयवर सरळ ‘सिग्नल नाही’ किंवा ‘हा मोड चालत नाही’ म्हणतात. म्हणून पाल डिस्क एनटीएससीच्या देशात नेणं हे उलट दिशेपेक्षा जास्त कटकटीचं.

अशा टीव्हीसाठी प्लेयरनंच रूपांतर करायला हवं. सेटअपमध्ये ‘टीव्ही सिस्टिम’ किंवा ‘टीव्ही टाइप’ अशी ओळ असते, तिथं पाल, एनटीएससी आणि मल्टी किंवा ऑटो असे पर्याय असतात. मल्टी म्हणजे डिस्कवर जे आहे तेच बाहेर पाठव. टीव्ही दोन्ही घेत असेल तर हाच सगळ्यात चांगला, कारण चित्राशी काही खेळ होत नाही. टीव्ही फक्त ६० घेत असेल तर एनटीएससी निवडा. ही ओळच सेटअपमध्ये नसेल तर तो प्लेयर रूपांतर करत नाही असं धरा. रीजन मोकळा केलेल्या प्लेयरमध्येही पाल डिस्क ‘चालत नाही’ म्हणतात ते याचमुळं, आणि उत्तर अमेरिकेतल्या ब्लू-रे प्लेयरांत ही उणीव फार आढळते.

रूपांतराचा दर्जा प्लेयरगणिक बदलतो. ५७६ ओळी ४८० मध्ये बसवायच्या असतात. चांगला प्लेयर त्या प्रमाणात आखडतो, वाईट प्लेयर सरळ काही ओळी टाकून देतो, आणि मग तिरक्या कडा दातेरी दिसतात किंवा खालची उपशीर्षकं अर्धी कापली जातात. २५ चौकटींना ६० अर्ध्या पडद्यांमध्ये पसरताना काही पुन्हा दाखवाव्या लागतात, त्यामुळे कॅमेरा हळू फिरत असताना चित्र अडखळतं. तपासायला शेवटच्या श्रेयनामावलीइतकं चांगलं काही नाही: वर सरकणारी नावं गचके न देता गेली तर रूपांतर ठीक आहे.

एचडीएमआयवरची एक खोच. रिझोल्यूशन १०८०पी ठेवलं तरी वेग डिस्कप्रमाणेच राहतो, पालला ५०, एनटीएससीला ६०. टीव्ही ५० घेत नसेल तर रिझोल्यूशन कितीही बदला, पडदा काळाच; टीव्ही सिस्टिमच बदलावी लागते. हा बदल करण्याआधी पडदा काळा झालेला असेल तर एनटीएससीची कुठलीही डिस्क घाला किंवा डिस्क काढून टाका, आणि मेनू दिसला की सेटिंग बदला. मेनूच दिसत नसेल तर तात्पुरती पिवळी वायर जोडा. कृष्णधवल आणि हलणाऱ्या चित्रातही मेनू वाचता येतो.

पालची आणखी एक गोष्ट आहे आणि ती कानाला कळते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. पाल डिस्क करताना तो बहुधा २५ नं पळवतात, म्हणजे सुमारे ४ टक्के जास्त वेगानं. १२० मिनिटांचा चित्रपट ११५ मिनिटं १२ सेकंदांत संपतो. काही कापलेलं नसतं, तरी वेष्टनावरची कमी वेळ बघून लोक डिस्क परत करतात. आवाजाची पट्टी मुद्दाम दुरुस्त केली नसेल तर ती अर्ध्या स्वराच्या टप्प्याच्या साधारण सत्तर टक्क्यांनी वर चढते. ओळखीचा आवाज किंवा गाणं किंचित बारीक वाटतं. संगीतप्रधान चित्रपट असेल आणि दोन्ही आवृत्त्या मिळत असतील, तर मी एनटीएससीची घेईन, ओळी कमी असल्या तरी. संगणकावर व्हीएलसी या प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये वेग ०.९६ करून मूळ गती परत मिळते. पट्टीही खाली आणायची असेल तर ऑडिओच्या सेटिंगमधलं टाइम-स्ट्रेचिंग बंद करा. ते चालू असेल तर वेग उतरतो पण पट्टी चढलेलीच राहते.

संगणकावर: पाच संधी, आणि मग कायमचं

संगणकाचा ड्राइव्ह स्वतःच रीजन पाळतो. १ जानेवारी २००० पासूनचे ड्राइव्ह आरपीसी-२ प्रकारचे आहेत. त्याआधीच्या आरपीसी-१ मध्ये तपासणी सॉफ्टवेअरवर सोपवलेली होती. आरपीसी-२ ड्राइव्हचा रीजन वापरणाऱ्याला पाच वेळा ठरवता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तो तसाच राहतो. ही मोजणी ड्राइव्हच्या आत साठते. विंडोज पुन्हा टाकलं, ड्राइव्ह दुसऱ्या संगणकात लावला, तरी ती पुसत नाही.

विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्हज या ओळीखाली आपल्या ड्राइव्हवर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, आणि तिथं डीव्हीडी रीजन हा टॅब. सध्याचा रीजन आणि उरलेले बदल दोन्ही दिसतात. बघायला काही खर्च होत नाही, बदलायला होतो. बदलताना त्या रीजनची डिस्क आत ठेवा, ती नसेल तर ड्राइव्ह पुष्कळदा ऐकत नाही. लिनक्सवर हेच काम रीजनसेट नावाची छोटी आज्ञा करते. मॅकवर डीव्हीडी प्लेयर स्वतःहून विचारतो, आणि घाईत तिथं होकार देऊन संधी घालवणारे फार. चौकट आली की आधी रद्द करा, मग विचार करा.

व्हीएलसी ड्राइव्हच्या रीजनकडं फारसं बघत नाही. डिस्कवरच्या सीएसएस या नक्कल रोखणाऱ्या कुलुपाची किल्ली ड्राइव्हनं दिली नाही तर व्हीएलसीमागचं लिबडीव्हीडीसीएसएस ती स्वतः हिशेबानं काढतं. किल्ली अवघी ४० बिटांची असल्यामुळं ते जमतं. म्हणून रीजन जुळत नसताना व्हीएलसीत डिस्क सुरू व्हायला कधी बराच वेळ लागतो. लगेच बंद करू नका, थोडं थांबा. पण काही ड्राइव्ह, विशेषतः लॅपटॉपमधले सडपातळ, रीजन जुळला नाही तर कुलूपबंद भागही वाचू देत नाहीत. अशा वेळी चित्र चौकोनी तुकड्यांचं, हिरवं-गुलाबी येतं किंवा मेनू दिसून चित्रपट चालत नाही. तिथं सॉफ्टवेअर बदलून उपयोग नाही, अडवणूक ड्राइव्हची आहे. लिनक्सवर लिबडीव्हीडीसीएसएस बहुधा वेगळं बसवावं लागतं; ते नसेल तर याच खुणा दिसतात, त्यामुळे आधी ते तपासा. आरसीईचा नकाशा दिसला तर डिस्क उघडण्याच्या चौकटीत ‘मेनू नको’ हा पर्याय निवडा. मेनूचा प्रोग्रॅमच चालला नाही की प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही.

दोन रीजनच्या डिस्क नियमानं बघायच्या असतील तर माझ्या मते सगळ्यात निर्धोक वाट म्हणजे दोन यूएसबी ड्राइव्ह. एक १ वर, एक २ वर, दोघांवर चिठ्ठी चिकटवलेली. मोजणीची धास्ती नाही, कुठल्याही प्लेयर सॉफ्टवेअरवर चालतात. अशा ड्राइव्हला सुरू होताना जास्त वीज लागते. यूएसबी २ च्या खोबणीतून ५०० मिलिअँपिअरच मिळतात, यूएसबी ३ मधून ९००. ड्राइव्ह टिकटिकत राहतो आणि डिस्क दिसत नाही, तर दोन तोंडांची यूएसबी वायर लावा किंवा ३ च्या खोबणीत घाला. हबमधून जोडू नका, हबला स्वतःचा अडॅप्टर असल्याखेरीज.

चित्रात आडव्या कंगव्यासारख्या रेघा दिसल्या तर डीइंटरलेस चालू करा. एनटीएससी डिस्कवरच्या चित्रपटासाठी व्हीएलसीत ‘फिल्म एनटीएससी’ नावाचा मोड आहे, तो २४ चौकटी परत जुळवतो. पालसाठी ‘याडिफ’ पुरतो. पाल बघताना मॉनिटर ५० हर्ट्झ घेत असेल तर तसा ठेवा, गचके जातात.

उपशीर्षकं, वीज आणि कायदा

डिस्क मागवण्याआधी रीजनइतकीच उपशीर्षकांची चौकशी करा. काही डिस्कवर फक्त त्या देशाच्या भाषेतली उपशीर्षकं असतात, काहींवर एकही नसतं. अमेरिकी डिस्कवर ‘क्लोज्ड कॅप्शन’ लिहिलेलं म्हणजे उपशीर्षकं नव्हेत. कॅप्शन एनटीएससीच्या २१ व्या ओळीत लपवलेली असतात, ती टीव्ही उलगडतो, आणि एचडीएमआयवरून ती जातच नाहीत. रिमोटवरचं सबटायटल बटण दाबून काही दिसत नाही, तेव्हा डिस्क खराब नसते. पिवळ्या वायरीनं कॅप्शन ओळखणाऱ्या टीव्हीला जोडा किंवा व्हीएलसीत बघा, तिथं ती उपशीर्षकांच्या यादीत येतात.

प्लेयरच परदेशातून आणणार असाल तर मागचं लेबल वाचा. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर पुरे. नुसतं ‘१२० व्होल्ट’ असेल आणि घरात २३० असेल, तर पिनचा अडॅप्टर लावून जोडलेला प्लेयर जळतो. पिनचा आकार बदलतो, दाब नाही. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर हवा. डीव्हीडी प्लेयरला वीज फार कमी लागते, ५० व्हीएचा पुरेसा होतो.

कायद्याचं थोडक्यात. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या कायद्यानं बाजारपेठ विभागणाऱ्या रीजन कोडला संरक्षणाच्या व्याख्येतून बाहेर ठेवलं आहे. अमेरिकेत १९९८ च्या कायद्यानं सीएसएससारखं कुलूप फोडण्यावर बंदी आहे, म्हणून किल्ली स्वतः काढणाऱ्या सॉफ्टवेअरचा प्रश्न तिथं वेगळा. स्वतःची, पैसे मोजून घेतलेली डिस्क तिच्या रीजनच्या प्लेयरवर किंवा ड्राइव्हवर लावणं यात मात्र कुठलं कुलूप फुटत नाही, आणि दुसरा ड्राइव्ह ठेवा असं मी आग्रहानं सांगतो त्यामागं हेही एक कारण आहे.

सगळं जुळवूनही एखादी डिस्क अडलीच तर पालकांसाठीचं कुलूप बघायचं राहिलंय का ते तपासा. सेटअपमध्ये ‘रेटिंग’ किंवा ‘पॅरेंटल’ पातळी खाली असेल तर प्लेयरनं दिलेला नकार रीजनच्या नकारासारखाच दिसतो. पातळी ८ किंवा ‘बंद’ करा. आणि डिस्क मध्यावर, साधारण अर्ध्या चित्रपटाला, क्षणभर थांबून पुढं जात असेल तर तो दोन थरांच्या डिस्कचा थर बदलण्याचा क्षण आहे. तिथंच ती कायमची अडकत असेल तर लेझरला दुसरा थर पकडता येत नाही. मऊ कापडानं मध्यापासून कडेकडं सरळ रेषेत पुसा, गोल नाही, आणि दुसऱ्या प्लेयरवर लावून बघा.